जुनी मालमोटार : भंगार की घरचा ठेवा?

— ऊसविकास अधिकारी



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या काट्यावर ट्रक, ट्रॅक्टर आणि बंड्यांची रांग लागते. रांगेतल्या गाडीकडे सर्वांचे लक्ष असते. जी गाडी रांगेत नाही, जी पंधरा-वीस वर्षे वाड्यात चिंचेखाली उभी आहे, तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना मला अशा गाड्या दिसतात. कोणाच्या वावरात जुनी डॉज, कोणाच्या धुऱ्यावर बेडफर्डचे नुसते नाक, तर कोणाच्या गोठ्यात लोखंडी चाकाचे ऑइल इंजिन. कबाडी येतो, वजन करतो, घेऊन जातो. अशी गाडी मोडीत घालावी की दुरुस्त करून जपावी, या प्रश्नातून आमच्या घरचे लोक नुकतेच गेले. त्यातून जे कळले ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

ह्या गाड्या आल्या कोठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या मालमोटारी लिलावात निघाल्या आणि त्यातल्या पुष्कळशा खाजगी वाहतुकीत आल्या. देशात मोटारी तयार व्हाव्यात म्हणून सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो, डिसोटो या नावांचे ट्रक बाहेर पडले. साखरधंद्यातले वालचंदनगर उभे केले तेही याच वालचंदशेठनी. म्हणजे ऊस आणि मालमोटार यांची सोयरीक जुनीच आहे. हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड आणल्या, मद्रासकडून लेलँड आल्या आणि १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीझ निघू लागली. हा करार १९६९ साली संपला व गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन तेथे टाटांचा ‘टी’ आला. तुमच्या वाड्यातल्या गाडीवर तारा असेल तर ती केव्हाची, याचा एवढ्यावरून अंदाज येतो.

त्या काळी कंपनीकडून चासी, इंजिन आणि पुढचे बोनेट एवढेच मिळे. केबिन आणि हौदा गावचे सुतार-लोहार बांधत. सागाची चौकट, वर पत्रा, कपाळावर देवाचे नाव. म्हणून एकाच वर्षाच्या दोन ट्रकांचे तोंडवळे सहसा सारखे नसतात. नागपूरच्या आसपास अशी बांधणी पुष्कळ झाली, कारण मुंबई-कलकत्ता आणि वाराणसी-कन्याकुमारी हे दोन्ही राजमार्ग येथेच एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांना सहा नंबर व सात नंबर म्हणत. आता क्रमांक बदलले, पण जुने ड्रायव्हर अजून तेच नंबर सांगतात.

आमची गाडी

आमच्या बाबांनी १९८३ साली एक जुनी टाटा-मर्सिडीझ घेतली. गाडी १९६७ ची. तिने काटोल-नरखेडची संत्री नागपूरच्या बाजारात नेली, कापसाच्या गाठी वाहिल्या आणि हंगामात ऊसही ओढला. माझे कृषी पदविकेचे शिक्षण त्याच गाडीवर झाले. २००३ मध्ये ती थांबली ती थांबलीच. चाकांखाली विटा लागल्या, केबिनमध्ये कोंबड्या राहू लागल्या.

२०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या मोडीचे धोरण जाहीर झाले आणि गावात कबाड्यांच्या फेऱ्या वाढल्या. धाकट्या भावाचे म्हणणे सरळ होते : भंगाराच्या पैशात गोठ्यावर पत्रे पडतील. ते चूक नव्हते. व्यवहार ठरला, कबाडी गॅसकटर घेऊन आला. बाबा तेव्हा ७८ वर्षांचे. ओसरीवरून उठले आणि एवढेच म्हणाले, “काहून रे, मले इचारलं बी नाही?” कबाड्याला चहा पाजून परत पाठवला. गोठ्याचे पत्रे एक वर्ष लांबले. भाऊ काही दिवस माझ्याशी बोलला नाही, हेही सांगून टाकतो.

जपायचे कशासाठी?

उपयोग संपलेली वस्तू का ठेवावी, हा प्रश्न रास्त आहे. मी त्याचे उत्तर उसाच्या भाषेत देतो. आपल्याकडे एके काळी को ७४० चे राज्य होते. आज सभासद को ८६०३२ लावतात. तरी कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने जुने वाण फेकून दिलेले नाहीत. कन्नूरच्या केंद्रात जगभरचे वाण सांभाळून ठेवले आहेत. त्यापासून कोणी टनेज मागत नाही. पुढचे वाण कशातून आले आणि कशातून येतील, ते त्यात असते. गाडीचेही तसेच. सुट्टे पंप, सुट्टे नोझल, हाताने बसवायचे झडप-अंतर हे सारे उघड्या डोळ्यांनी दिसते. माझा मुलगा आयटीआयला आहे. डिझेल इंजिनची चार आवर्तने त्याला पुस्तकापेक्षा या गाडीने लवकर शिकवली.

हा छंद जगात नवा नाही. इंग्लंडमध्ये १९६२ पासून जुन्या मालवाहू गाड्यांची लंडन ते ब्रायटन अशी वार्षिक फेरी निघू लागली. अमेरिकेत जुन्या ट्रकांच्या शौकिनांची संस्था १९७१ साली निघाली. तिकडे आजोबा, मुलगा, नातू अशी तीन पिढ्यांची घरे एकेका गाडीमागे लागलेली असतात. आपल्या देशात हरियाणातल्या तावडू येथे २०१३ साली वाहतुकीचे मोठे खाजगी संग्रहालय उघडले. आणि नागपुरात कामठी रोडवर मोतीबागेत २००२ पासून रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे. मुलांना एकदा अवश्य न्या. ज्या छोट्या गाडीने आपले आजे-पणजे नागभीड-छिंदवाड्याला गेले, तिच्या जातकुळीची इंजिने तेथे पाहायला मिळतात. नागपूर-छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ साली बंद झाली व नागपूर-नागभीडची २०१९ साली. ज्यांनी वेळेवर इंजिन ठेवून घेतले त्यांच्यामुळे आज दाखवायला काही तरी उरले.

कामाचा क्रम

आम्ही तीन वर्षे, दर रविवारी आणि हंगाम नसताना काम केले. एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक फिटर काकाजी आम्हाला गुरू मिळाले. त्यांनी शिकवलेला क्रम असा :

१) गाडी ओढून चालू करू नये. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरतात. ट्रॅक्टर लावून ओढले की रिंगा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइलचे मिश्रण सोडावे आणि आठ-दहा दिवस दम धरावा. मग हाताने, थोडे पुढे थोडे मागे, असे फिरवून पाहावे. आमचे इंजिन बाविसाव्या दिवशी हलले.

२) टाकी ते नोझल सर्व साफ करावे. जुने डिझेल चिकट होते, तळाशी पाणी व गाळ साठतो. टाकी उतरवून धुवावी, फिल्टर बदलावे, पंप व नोझल जाणकाराकडून तपासून घ्यावे. पंप घरी खोलण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचे भाग फार बारीक मापाचे असतात.

३) पाणी आणि तेल. रेडिएटर व इंजिनच्या पाण्याच्या वाटा गंजाने बुजतात. उलट बाजूने पाणी सोडून धुवावे. जुने तेल काढताना ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. तेवढ्यावर इंजिन चालू करू नये.

४) आधी ब्रेक, मग इंजिन. चालू होणाऱ्या गाडीपेक्षा थांबणारी गाडी महत्त्वाची. ब्रेकची सर्व रबरे व नळ्या नव्या घालाव्यात. जुने रबर बाहेरून चांगले दिसते आणि दाबाखाली फुटते.

५) चाकाच्या रिंगपासून सावध. या गाड्यांच्या चाकाला टायर अडकवणारी सुटी लोखंडी रिंग असते. ती गंजलेली वा नीट न बसलेली असेल तर हवा भरताना तोफेसारखी उडते. ही चूक आम्ही स्वतः केली. वाड्यात हवा भरताना रिंग सुटली आणि लिंबाच्या खोडात बोटभर खाच पाडून गेली. माझा मुलगा दोन मिनिटांपूर्वी तेथून पाणी आणायला गेला होता. त्या दिवसापासून आमच्या घरी हे काम होत नाही. लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच, लांब नळी लावून, बाजूला उभे राहूनच हवा भरावी.

६) लाकूड व पत्रा. केबिनची चौकट वाळवीने खाल्लेली असते. सगळी फेकू नये. जेवढे सडले तेवढेच कापून जुन्या सागाचा तुकडा सांधावा. रंग देण्यापूर्वी जुन्या अक्षरांचे फोटो काढावेत, मापे लिहून ठेवावीत. आमच्या पुतणीने ते काम वहीत इतके नीट केले की पेंटरने तिच्याच आराखड्यावर नाव लिहिले.

खर्चाविषयी खरे बोलायला हवे. मजुरी घरची असूनही आमचा खर्च गाडीच्या भंगार किमतीपेक्षा अधिक झाला. या छंदात पैसा सुटत नाही. पीककर्जाच्या किंवा ऊसबिलाच्या उचलीतून तर हा उद्योग मुळीच करू नये.

कायदा काय म्हणतो?

येथे पुष्कळांचा गैरसमज आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क. परंतु हा नियम दुचाकी व प्रवासी मोटारकार यांच्यापुरता केलेला आहे. मालमोटार त्यात येत नाही. म्हणून ‘पन्नास वर्षांची झाली, आता आपोआप विंटेज झाली’ असे समजून कोणी ट्रक रस्त्यावर काढू नये. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा यांपैकी काही संपलेले असेल तर ती गाडी आपल्या वाड्यात व वावरातच फिरवावी. बाहेर न्यायची तर दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी. आणि हंगामात वाहन कमी पडले म्हणून अशा गाडीत ऊस भरण्याचा मोह तर कधीच नको. अपघात झाला तर विमा नाही, आणि दोन माणसांची घरे उघडी पडतात.

दुसरा गैरसमज असा की पंधरा वर्षे झाली की प्रत्येक गाडी मोडावीच लागते. तशी सक्ती १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांना लागू झाली. महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्यांच्या खाजगी गाडीला नुसत्या वयावरून मोडण्याची सक्ती या धोरणाने केलेली नाही. रस्त्यावर चालवायची तर योग्यता-तपासणीत पास व्हावे लागते, एवढे खरे.

आणि मोडीतच घालायची ठरली, तरी काळजी घ्या. गाडी तुकडे होऊन गेली तरी कागदावर ती तुमच्याच नावाने राहते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी नष्ट झाली की चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून नोंदणी रद्द करवून घ्यायची असते. चासी नंबरचा तुकडा कबाड्याच्या हाती मोकळा जाऊ देऊ नये. शक्यतो नोंदणीकृत मोड-केंद्रातच गाडी द्यावी. तेथून प्रमाणपत्र मिळते आणि नव्या वाहनाच्या वेळी ते कामी येते.

कबाडी दारात येण्यापूर्वी

सभासदांनी निदान एवढे करावे : आर.सी. पुस्तक शोधावे. चासी व इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा व तो पुस्तकाशी ताडून पाहावा. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. आणि ज्याने ती चालवली त्याला, तो घरात हयात असेल तर, आधी विचारावे. आम्ही शेवटची गोष्ट विसरलो होतो.

२०२४ च्या खंडेनवमीला आमची गाडी वाड्यात चालू झाली. झेंडूचा हार भावानेच घातला. बाबांना आम्ही दोघांनी धरून केबिनमध्ये चढवले. तान्ह्या पोळ्याला लेकरू आपला लाकडी बैल मिरवते, तसे ते वावराच्या धुऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. उतरल्यावर आम्हाला वाटले काही तरी मोठे बोलतील. ते म्हणाले, “दुसरा गिअर अजून तसाच अटकते. तेवढा पाहून घ्या.”

भाऊ येत्या रविवारी तो गिअरबॉक्स उतरवणार आहे. गोठ्यावर पत्रेही पडले आहेत.