वादविवादाची ढाल आणि प्रवेश

वादविवाद स्पर्धेत ढाल जिंकली, की चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळतो, असे तुम्हांला वाटते का? सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश परीक्षेचे गुण पाहतात. ढाल कोणी पाहत नाही. (चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेमुळे मात्र दहावीला थोडे वाढीव गुण मिळतात!)

साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली. तेथील मुले खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याची तयारी करतात. त्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला ९०० गुण असतात आणि निवड मंडळाच्या चाचण्यांनाही ९००! या चाचण्यांत गटचर्चा होते. दिलेल्या विषयावर तीन मिनिटे बोलावेही लागते. ढाल तेथेही कोणी मागत नाही, पण चारचौघांत बोलण्याची सवय असलेला मुलगा सहसा अडखळत नाही. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळतो.