बॅटरी आधी की टाकी?
गच्चीवरचे १ किलोवॉटचे सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देते. पण दिवे-पंखे लागतात रात्री. मग बॅटरी घ्यावी काय? हिशेब करून पाहू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे १.८ युनिट. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य घटते. हाती उरते जेमतेम ०.९ युनिट! संध्याकाळचा १ अश्वशक्तीचा पंप दुपारी तासभर चालवून टाकी भरली, तर जवळजवळ तेवढीच वीज वाचते, तीही बॅटरीविना. शिवाय २०२३ च्या केंद्रीय नियमांत, स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना सौर तासांतला दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे पॅनेल नसले तरी पंप दुपारीच बरा. वारंवार वीज जाणाऱ्या गावात मात्र आम्ही बॅटरीलाच कौल देऊ.