रायफल ठरवते, गोळी कोणती

जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत छर्रा कसाही बसतो. फुगा फुटला नाही तर दोष आपल्या नेमाचा! अमेरिकेतल्या जत्रांमध्ये मात्र शंभर वर्षांपूर्वी बावीस बोअरची खरी पंप-ॲक्शन रायफल हातात मिळे. विंचेस्टर मॉडेल 1890, डोकं जॉन ब्राउनिंगचं. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. पण खाण्याच्या बाबतीत ही भारी चोखंदळ. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल या तिन्ही काडतुसांची जाडी तीच, फरक लांबीचा. तरी ज्या लांबीसाठी रायफल घडवली, तेवढीच ती घेणार. दुसरी दिली की अडकली. तिन्ही पचवायला पुढे मॉडेल 1906 यावं लागलं.

मोठ्या काडतुसांत हा हट्ट जिवावरचा. मॅगझिनच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे टोकदार गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर. प्रायमर म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. म्हणून गोळी चपट्या नाकाची घ्यायची. रेमिंग्टनने मॉडेल 14 मध्ये वेगळी युक्ती केली: मॅगझिनची नळीच पिळदार केली, म्हणजे टोक प्रायमरवर टेकतच नाही.

नेमबाजी स्पर्धेतली 50 मीटर रायफलही तीच बावीस लाँग रायफल खाते, पण मॅगझिनशिवाय. नियमच तसा: एका वेळी एकच काडतूस, हाताने. अडकण्याचा प्रश्न मिटला, चोखंदळपणा मात्र वाढला.

काडतूस हातात घेतलं की बोटाला मेणाचा चिकटपणा लागतो. ते आत ढकलणारा बोल्ट पुढे सारताना शेवटी किंचित विरोध जाणवतो, कारण मऊ शिशाची गोळी नळीतल्या आट्यांमध्ये रुततेय. न झाडता बाहेर काढलेल्या गोळीवर त्या आट्यांच्या खुणा दिसतात. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम, वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला, नाहीतर वाटेत ती डळमळते.

एकाच कारखान्याचे, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉटसुद्धा एका रायफलीत सारखे चालत नाहीत. म्हणून नेमबाज एली, लापुआ किंवा आरडब्ल्यूएस या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात आपली रायफल घेऊन जातात. तिथे ती शिकंज्यात आवळतात आणि एकेक लॉट झाडून पाहतात. माणूस बाजूलाच. ज्या लॉटची भोकं एकमेकांत मिसळतात, तो लॉट पेट्यांनी घ्यायचा. महागडा लॉट हरतो आणि स्वस्तातला जिंकतो, असंही होतं. रायफलीला किंमत वाचता येत नाही. विमानाने नेताना माणशी 5 किलोची मर्यादा असते, त्यात हजारावर काडतुसं बसतात. एका स्पर्धेला तेवढी पुरे.

नोव्हेंबर 2019 मध्ये दोह्यातल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात उतरली. 2010 मध्ये म्युनिकला प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात ती विश्वविजेती झाली होती, पण ऑलिंपिक तिला तोवर हुलकावणीच देत होतं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने, तेव्हाच्या नियमाने प्रत्येकी 40 गोळ्या. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. अंतिम फेरीत 435.8 गुणांनी ती चौथी आली. पदक नाही, पण वयाच्या 39 व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकचा कोटा मिळाला. त्या दिवशीची प्रत्येक गोळी तिने स्वतःच्या बोटांनी नळीत घातली होती.