वजन कुणाचं, जबाबदारी कुणाची?

मागच्या व्याख्यानात आपण ‘जबाबदारी’ या संकल्पनेचा विचार केला. आज तीच संकल्पना वजनकाट्यावर उभी करू.

हल्ली कंपन्यांमध्ये ‘वेलनेस’ कार्यक्रम असतात. आहारावर व्याख्यान, पावलं मोजायची स्पर्धा, वजन घटवणाऱ्याला बक्षीस. हेतू चांगलाच आहे. पण त्याने वजन घटतं का?

अमेरिकेत बीजेज या होलसेल दुकानांच्या साखळीत याची नीट परीक्षा झाली. 160 दुकानं, सुमारे 33,000 कर्मचारी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी 20 दुकानं निवडून तिथे कार्यक्रम राबवला. निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर त्या दुकानांतले अधिक लोक सांगत होते की, आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. पण प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत इतर दुकानांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही.

मग आधीच्या पाहण्यांत फायदा कसा दिसायचा? इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात याचं उत्तर मिळतं. कार्यक्रमात स्वतःहून येणारे लोक मुळातच अधिक निरोगी होते. पहाटे टेकडीवर भेटणारी माणसं धडधाकट असतात. पण टेकडीने त्यांना तसं केलं, की तशी होती म्हणून ती टेकडी चढली?

यावरून कर्मचारी आळशी आहेत असा अर्थ कुणी काढू नये. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, सद्गुण नुसता ऐकून येत नाही, तशी कृती वारंवार करून येतो. आता बघा, दिवसाचे आठ-नऊ तास माणूस कामावर असतो. तिथे कृतीची संधी कुणाच्या हातात असते? जेवणाची सुट्टी पुरेशी आहे का, कँटीनमध्ये वडापाव आणि बिस्किटांखेरीज काही मिळतं का, रात्रपाळीनंतर झोपेला वेळ उरतो का, हे कर्मचारी ठरवत नाही. हे बदललं की वजन हमखास उतरेल, असा आमचा दावा नाही. पण ज्याच्या हातात जे आहे, त्याची जबाबदारी त्याच्यावरच येते.

आम्ही नोकरीत असताना एका आरोग्य शिबिरात एका लिपिकाचं वजन सर्वांसमोर मोठ्याने वाचलं गेलं. हशा पिकला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढच्या वर्षी ते गृहस्थ शिबिराकडे फिरकलेच नाहीत. त्यांचा रक्तदाबही मग कुणी तपासला नाही.

म्हणून म्हणतो, कर्मचाऱ्याला काट्यावर उभं करण्याआधी कचेरीने स्वतःचं वेळापत्रक काट्यावर ठेवावं.