कुंडीतील जरबेरा आणि वाफसा



लग्नाच्या मांडवात दिसणारी लाल, पिवळी, केशरी जरबेराची फुले आता आपल्या सर्वांच्या ओळखीची झाली आहेत. रोपवाटिकेतून रोप आणून कुंडीत लावणारी घरेही पुष्कळ आहेत. पण गटात फिरताना तक्रार एकच ऐकू येते, "साहेब, आणलं तेव्हा फुलं होती, महिन्याभरात झाड बसलं." मग 'आपल्याकडं हे येत नाही' असा निकाल लागतो. आमच्या मते हा निकाल बरोबर नाही. बहुतेक ठिकाणी जरबेरा तहानेने मरत नाही, पाण्याने मरतो.

हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, शेवंती-झेंडूच्या कुळातले. त्याला उंच वाढणारे खोड नसते. पाने व फुलांचे दांडे जमिनीलगतच्या गड्ड्यातून निघतात. हा गड्डा मातीत पुरला किंवा त्यात पाणी साठले की बुरशी लागते, गड्डा काळा पडून कुजतो आणि माती ओली असूनही पाने माना टाकतात. ते पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो. तिथेच झाड जाते.

कुंडी व माती : कुंडी ८ ते १० इंचांची असावी, बुडाला भोक हवेच. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी चांगले कुजलेले शेणखत आणि एक पाटी भाताचे तूस किंवा कोकोपीट घ्यावे. कारखान्याची ताजी मळी घालू नये. ती कुजताना तापते व मुळांना इजा होते.

लावणी : उसाचे बेणे आपण मातीत दाबतो, तसे इथे करू नये. गड्डा मातीच्या वर, उघडा राहिला पाहिजे. नव्या रोपाच्या पहिल्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे झाड आधी मुळे धरते.

पाणी : बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. द्यायचे ते सकाळी, कुंडीच्या कडेने. गड्ड्यावर ओतू नये. ताटलीत साठलेले पाणी फेकून द्यावे. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घ्यावी, पण पागोळ्या पडतील अशी ठेवू नये.

ऊन : सकाळचे ४-५ तास ऊन पुरते. उन्हाळ्यात दुपारी सावली करावी.

केवडा : कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता समजावी. उसातला केवडा आपण ओळखताच. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर हलकी फवारणी करावी.

फुले काढणे : दांडा कात्रीने कापू नये. मागे राहिलेला खुंट कुजतो. बुडाशी धरून बाजूला वाकवत अलगद ओढला की पुरा निघतो.

आता कोणी म्हणेल, उसाच्या माणसांनी कुंडीचे काय सांगावे! पण गोष्ट वाफशाचीच आहे. मुळाला पाणी लागते तशी हवाही लागते. कुंडीतला जरबेरा हे महिन्यात दाखवून देतो. उसाचे रान मात्र वर्षानुवर्षे सोसते आणि जेव्हा दाखवते तेव्हा जमिनीवर पांढरा क्षार फुललेला असतो. मग चर काढण्याचा खर्च सभासदाच्या माथी येतो. कुंडी बिघडली तर दुसरी भरता येते, रान दुसरे आणता येत नाही.

तेव्हा घरी दोन कुंड्या जरूर लावा. आणि कुंडीत बोट घालून पाहण्याची सवय लागली की उसाची पुढची पाळी देण्याआधी सरीतही मूठभर माती उचलून पाहा.

— ऊस विकास अधिकारी