संगणक बंद होताना कुठे अडतो?

विंडोजमध्ये ‘शट डाउन’वर क्लिक केल्यापासून वीज तुटेपर्यंतची कामे ठरावीक क्रमाने होतात. आधी उघडे प्रोग्रॅम बंद होतात, मग पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, त्यानंतर ड्रायव्हर; शेवटी मदरबोर्डला वीज तोडण्याची सूचना जाते. संगणक कोणत्या टप्प्यावर अडला हे कळले, की निम्मे निदान झालेच.

पहिल्या टप्प्यात विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला ‘बंद व्हायला तयार आहेस का’ असे विचारते. एखादी फाइल सेव्ह करायची राहिली असेल, तर प्रोग्रॅम नकार देऊ शकतो. साधारण ५ सेकंद काहीच उत्तर आले नाही, तर तो अडकला असे धरले जाते. विंडोज १० मध्ये अशा वेळी खोळंबा करणाऱ्या प्रोग्रॅमची नावे पडद्यावर येतात. तिथे ‘शट डाउन एनीवे’ दाबले, तर सेव्ह न केलेले काम जाते. म्हणून आधी ‘कॅन्सल’ करून ती फाइल पाहावी.

सर्व्हिसेसना आवरते घ्यायला विंडोज एक्सपीमध्ये २० सेकंद मिळत. विंडोज १० मध्ये ५ मिळतात. रजिस्ट्रीतला हा आकडा आणखी कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण डेटाबेससारख्या सर्व्हिसला लिखाण पुरे करायला वेळ लागतो. त्यापेक्षा ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून उरलेल्यांपैकी निम्म्या बंद कराव्यात. अडथळा गेला तर दोषी त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. असे करत एकीपर्यंत पोचता येते.

‘शटिंग डाउन’चे चक्र फिरतच राहिले किंवा ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असा निळा पडदा आला, तर संशय ड्रायव्हरवर. यूएसबीची जोडणी एकेक काढून पाहावी आणि नेटवर्क, ग्राफिक्सचे ड्रायव्हर उत्पादकाकडून नवे घ्यावेत.

शेवटचा टप्पा विजेचा. विंडोज ९५ च्या काळात अनेक संगणकांवर ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येई आणि बटण हाताने दाबावे लागे. १९९५ चा एटीएक्स वीजपुरवठा आणि १९९६ चे एसीपीआय मानक यांमुळे वीज तोडण्याचे काम प्रणालीकडे आले. पडदा काळा होऊनही पंखा फिरत राहिला, तर बायोस आणि चिपसेटचे ड्रायव्हर तपासावेत.

२०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. त्यात कर्नल पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र तो पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतो. म्हणून रीस्टार्ट नीट होते, पण शटडाउन बिघडते, असे दिसले तर शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करून पाहावे. त्याने काम झाले, तर पॉवर ऑप्शन्समधून ही सोय बंद करावी.

टप्पा पडद्यावरून कळला नाही, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधला सिस्टिम लॉग उघडावा. १०७४ क्रमांकाची नोंद शटडाउन कोणत्या प्रोग्रॅमने, कोणाच्या नावे मागितले ते सांगते. ६००६ म्हणजे लॉगची सर्व्हिस रीतसर थांबली. ६००८ म्हणजे आधीचे बंद होणे अनपेक्षित होते. ४१ नुसती वीज गेली तरी उमटते, त्यामुळे तेवढ्यावरून यंत्राला दोष देऊ नये.

पॉवरचे बटण सुमारे ४ सेकंद दाबून धरले, की वीज थेट तुटते. डिस्कचा दिवा लुकलुकत असताना किंवा अपडेट चालू असताना हे टाळावे. नाइलाजाने करावेच लागले, तर पुन्हा सुरू केल्यावर डिस्कची ‘एरर चेकिंग’ तपासणी करून घ्यावी.