ई-कोर्ट्स सेवेवरील न्यायनिर्णयांचा शोध : ‘निकाली’ या शब्दाचा अर्थ

न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी पक्षकारास वकिलाकडे व न्यायालयाच्या कचेरीत खेपा घालाव्या लागत. अभ्यासकाची स्थिती याहून बिकट होती. वरिष्ठ न्यायालयांचे निवडक निर्णय त्यास निर्णयसंग्रहांतून वाचावयास मिळत. परंतु जिल्हा व तालुका न्यायालयांचे कामकाज सहसा दप्तरखान्याबाहेर येत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये आखलेल्या धोरणानुसार ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला आणि ही परिस्थिती पालटली. या सेवेवर मिळणारे उत्तर नेमके कशाचे उत्तर असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शोधाची रीत पाहू. प्रत्येक प्रकरणास सोळा चिन्हांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढील दोन जिल्ह्याची, त्यानंतरचे दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, पुढील सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे द्योतक असतात. हा क्रमांक हाती असल्यास शोध सरळ असतो. तो नसल्यास दाव्याचा क्रमांक व वर्ष, पक्षकाराचे नाव किंवा वकिलाचे नाव यांवरून शोध घेता येतो. नावावरून शोधताना मात्र सावध राहावे. एकच मराठी आडनाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते. म्हणून आरंभीच्या मोजक्या अक्षरांवरून शोध घेणे बरे. शिवाय प्रलंबित आणि निकाली प्रकरणांची निवड वेगवेगळी करता येत असल्याने, एका यादीत नाव आढळले नाही एवढ्यावरून दावाच नव्हता असे अनुमान काढता येत नाही.

प्रकरण सापडले म्हणजे दाखल झाल्याची तारीख, आजवरच्या तारखा व प्रकरणाची सद्यःस्थिती दिसते. येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. सद्यःस्थितीच्या जागी ‘निकाली’ अशी नोंद असली, तर न्यायालयाने त्या वादाचा निर्णय केला, असे समजावे काय?

याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आधारे द्यावे लागते. संहितेने न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि आदेश यांत भेद केला आहे. पक्षकारांच्या हक्कांसंबंधीचा निश्चायक निवाडा म्हणजे हुकूमनामा; त्याची न्यायाधीशाने दिलेली कारणे म्हणजे न्यायनिर्णय. वादी गैरहजर राहिल्यामुळे दावा काढून टाकण्याचा आदेश हुकूमनाम्याच्या व्याख्येतून कलम २ (२) अन्वये स्पष्टपणे वगळलेला आहे. तथापि न्यायालयाच्या नोंदवहीत असा दावाही निकालीच ठरतो. तडजोडीने मिटलेला, वादीने काढून घेतलेला, अन्य न्यायालयाकडे वर्ग झालेला आणि साक्षीपुराव्यानंतर गुणदोषांवर निर्णीत झालेला, अशी सर्व प्रकरणे या एकाच शब्दाखाली येतात. सारांश, ‘निकाली’ हा शब्द कार्यालयीन आहे. तो प्रकरण त्या न्यायालयाच्या बोर्डावरून उतरल्याचे सांगतो, वाद संपल्याचे नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. संहितेच्या कलम ११ अन्वये तोच वाद त्याच पक्षकारांत पुन्हा उपस्थित करण्यास जी मनाई आहे, ती पूर्वीच्या दाव्यात तो मुद्दा सुनावणी होऊन अंतिमतः निर्णीत झाला असेल तरच लागू होते. गैरहजेरीत काढलेल्या दाव्यास आदेश ९ मधील वेगळे नियम लागू होतात. उभय पक्ष गैरहजर असल्यास वादीस मुदतीच्या अधीन राहून नवा दावा आणता येतो. केवळ वादी गैरहजर असल्यास नवा दावा आणता येत नाही, परंतु पुरेसे कारण दाखवून तोच दावा पुन्हा नोंदवून घेता येतो.

शेतजमिनीच्या वाटपाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. सरकारी सारा भरणाऱ्या जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात दिवाणी न्यायालय हिस्से ठरविते व प्रत्यक्ष वाटप कलम ५४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविते. पडद्यावर दावा निकाली दिसतो. वहिणीने मात्र तिच्या हिश्श्याच्या बांधावर अद्याप पाऊलही ठेवलेले नसते. अशा वेळी मूळ दाव्याबरोबरच त्यानंतरची दरखास्त आणि अपील यांचाही शोध घेतला पाहिजे.

म्हणून निकालाच्या नोंदीशेजारी दिलेला निकालाचा प्रकार अवश्य पाहावा. प्रकरण लढत होऊन संपले की लढतीविना, हे त्यावरून कळते. तेवढ्यावरही थांबू नये. एकतर्फी हुकूमनामा लढतीविना झालेला असला तरी तो हुकूमनामाच असतो. रोजनाम्यातील नोंदी आणि उपलब्ध असल्यास न्यायनिर्णयाची संपूर्ण संहिता वाचावी. आदेश २०, नियम ४ अन्वये लघुवाद न्यायालयांखेरीज अन्य न्यायालयांच्या न्यायनिर्णयात प्रकरणाची हकीकत, निर्णयार्थ मुद्दे, त्यांवरील निर्णय व कारणे असावी लागतात. ही चार अंगे हाती आल्यावरच अभ्यासकाने निर्णयाविषयी विधान करावे.

पक्षकाराच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. पडद्यावरील प्रत माहितीपुरती असते. तिला प्रमाणित नकलेचे स्थान नाही. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे हुकूमनाम्यावरील अपिलाची मुदत उच्च न्यायालयात ९० दिवस व अन्य न्यायालयांत ३० दिवस आहे. नक्कल मिळण्यास आवश्यक असलेला काळ कलम १२ अन्वये त्यातून वगळला जातो. परंतु नकलेचा अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात गेलेला काळ वगळला जात नाही. निर्णय पडद्यावर वाचून जो स्वस्थ बसतो, त्याची मुदत चालूच राहते. म्हणून निर्णय कळताच नकलेचा अर्ज करणे हेच शहाणपणाचे.

२०१५ मध्ये जनतेस खुल्या झालेल्या राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर प्रलंबित व निकाली प्रकरणांचे आकडे पाहावयास मिळतात. न्यायदानाच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यांस हे साधन मोलाचे आहे. परंतु निकाली प्रकरणांच्या संख्येस निर्णयांची संख्या मानले, तर गैरहजेरीत हरलेला गरीब वादीही न्याय मिळालेल्यांत गणला जाईल. संख्या वापरण्यापूर्वी तिच्यामागील प्रकरणांचा काही नमुना तरी उघडून वाचणे, हे संशोधकाचे किमान कर्तव्य होय. पूर्वी दप्तरखान्याचे दार बंद असल्याने ते करता येत नव्हते; आज ते न करण्यास ही सबब उरलेली नाही.